गेजचे कूळ बॉयलरघरातले

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर: बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कुठल्याही साखर कारखान्यात बॉयलरपुढे मोठ्या तबकडीचे प्रेशर गेज दिसते आणि त्यावर कमाल दाबापाशी तांबडी रेघ असते. गाळप हंगामात त्याच कारखान्याच्या गेटाबाहेर उसाच्या ट्रकांची रांग लागते. यातल्या एखाद्या ट्रकला डिझेलचा दाब दाखवणारे गेज बसवायचे ठरले, की चर्चा होते ती तबकडीचा रंग, आतला दिवा आणि किंमत यांची. पण ट्रकचे गेज बॉयलरच्या गेजच्याच कुळातले आहे. बॉयलरघराने दीडशेहून अधिक वर्षांत त्याला जे नियम घालून दिले, ते पाळले तर निवड चुकत नाही. मोडले तर महागडे गेजही नुसती शोभा ठरते.

वाफेचा दाब आधी पाऱ्याच्या नळीने मोजत. एका वातावरणाच्या दाबाला ७६० मिलिमीटर पारा चढतो. म्हणजे आठ वातावरणांच्या दाबासाठी सहा मीटरची नळी हवी. धावत्या रेल्वे इंजिनावर असले उपकरण टिकणे शक्य नव्हते. पॅरिसचा यंत्रकार यूजीन बूर्दाँ याच्याकडे वाफेच्या इंजिनासाठी केलेली एक वेटोळ्याची नळी चेपली गेली. ती पुन्हा गोल करण्यासाठी आतून पाण्याचा दाब दिला, तसे तिचे वेटोळेच सुटू लागले. जत्रेतल्या पिपाणीची कागदी गुंडाळी फुंकल्यावर उलगडते, तसाच हा प्रकार. दाब गेला की नळी पुन्हा आपल्या जागी येई. तिच्या बंद टोकाला दांडी, दातेरी चाक आणि काटा जोडून बूर्दाँने १८४९ मध्ये पेटंट घेतले. द्रवाविना चालणाऱ्या बॅरोमीटरचे पेटंट आधीच घेतलेल्या ल्यूसियाँ विदीने त्याला कोर्टात खेचले. जर्मनीत माग्डेबुर्गला बर्नहार्ड शेफर याने नळीऐवजी पातळ पडद्याचे गेज काढले. तरी १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर बूर्दाँची नळी जगभर पसरली, आणि आजही बहुतेक काट्याच्या गेजांत तीच असते.

मात्र नुसत्या नळीने भागले नाही. बॉयलरघरात तीन पद्धती रुळल्या. पहिली तांबड्या रेघेची: कामाचा दाब तबकडीवर नीट वाचता यावा अशा बेताने गेजचा पल्ला निवडायचा. दुसरी सायफनची: गेजच्या आधी वळसा दिलेली नळी बसवायची, म्हणजे तिच्यात पाणी साठते आणि तापलेली वाफ गेजपर्यंत पोचतच नाही. तिसरी पडताळणीची: निरीक्षकाला स्वतःचे गेज जोडून ताळा घेता यावा, म्हणून जोडणीची जागा राखायची. भारतात १९२३ च्या बॉयलर कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी या पद्धतींना सक्तीचे रूप दिले. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस आणला आणि उसामागून कारखाने आले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर उभे केले. मागाहून सहकारी कारखाने निघाले. ‘एकवीस किलोचा बॉयलर’, ‘पंचेचाळीस किलोचा बॉयलर’ ही दाबाची भाषा या भागातल्या फिटरांच्या तोंडी बसली. पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजचा धारवाडचा विभाग तर गेजच बनवू लागला.

ट्रकमध्ये हे गेज आले ते बॉयलर नसलेल्या इंजिनाबरोबर. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले आणि त्यात वाफेचा दाब मोजायचे कारणच उरले नाही. पण दाब नाहीसा झाला नाही, तो इंधनात गेला. १९२७ मध्ये बॉशने डिझेल पंपाचे उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन ट्रकवर बसवण्याजोगे झाले. आपल्याकडे १९५४ पासून टाटा-मर्सिडीज ट्रक आले. अशा ट्रकात दाबाचे दोन मुलूख असतात. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. तिथे साधारण एक ते अडीच बार दाब असतो. पुढे नोजल उघडते ते दोनशे बारच्या आसपास, आणि आजच्या कॉमन रेल इंजिनात तर दाब दोन हजार बारच्या घरात जातो. ट्रकवाल्याने गेज लावायचे ते पहिल्या मुलखात, फिल्टर आणि मोठा पंप यांच्या मधे. पुढच्या मुलखात हात घालूच नये. तिथली बारीक गळतीसुद्धा कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते.

आता पहिला नियम लावून पाहू. गेजची चूक पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत मोजतात. १.६ टक्के वर्गाचे, चार बार पल्ल्याचे गेज फार तर ०.०६ बारने चुकेल. तेच पंचवीस बारचे घेतले तर चूक ०.४ बार. दीड बार मोजायचा असताना ०.४ ची चूक म्हणजे चोक झालेला फिल्टर आणि चांगला फिल्टर यांतला फरकच पुसला गेला. ‘मोठा पल्ला घ्या, गेज फुटणार नाही’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. दाब हलता असेल तर नेहमीचे वाचन पूर्ण पल्ल्याच्या दोन तृतीयांशांच्या आत ठेवावे, हा रूढ दंडक. त्या हिशेबाने जुन्या ट्रकला चार बारचे गेज पुरते. दुसरा नियम सायफनचा: ज्याचा दाब मोजायचा ते केबिनमध्ये आणायचे नाही. डिझेलची नळी डॅशबोर्डपर्यंत ओढण्यापेक्षा इंजिनापाशी सेन्सर बसवून वर फक्त वायर न्यावी. काट्याचे गेजच हवे तर ते केबिनबाहेर ठेवावे आणि ग्लिसरीन भरलेले घ्यावे. बॉयलरची वाफ संथ असते. फीड पंप मात्र ठोके देतो आणि रस्ता हादरे देतो. ग्लिसरीन काट्याची थरथर शमवते, आणि वाटेत बसवलेले बारीक छिद्र पंपाचे ठोके गिळते. तिसरा नियम पडताळणीचा: जोडणीत तीन तोंडांचा टी ठेवावा, म्हणजे शंका आल्यास मिस्त्रीला दुसरे गेज लावून ताळा घेता येतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसाचा: गाडीचा पिकअप पडला की ड्रायव्हरला कळतेच, गेज कशाला? कळते हे खरे, पण कळतो तो परिणाम. हवा धरली, फिल्टर चोक झाला की फीड पंप गेला, हे कानाला सांगता येत नाही. फिल्टरनंतरचा दाब रिकाम्या इंजिनावर ठीक असून भरल्या गाडीने चढ घेताना कोसळला, तर संशय फिल्टरवर किंवा ओढीच्या नळीवर जातो. तो दोन्ही वेळा कमीच असला तर फीड पंपावर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२० पासूनच्या बीएस-सहा ट्रकांत संगणक रेलचा दाब सतत पाहतो आणि बिघाड झाला की दिवा लावतो. पण तो सेन्सर उंच दाबाच्या मुलखातला. त्याच्या अलीकडचा फिल्टर हळूहळू तुंबत चालला, तर दिवा बहुधा शेवटी लागतो. शिवाय अशा कित्येक इंजिनांत पंप पहिल्या फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. तिथे दाब नसून ओढ असते, आणि साधे गेज शून्यावर बसून राहते. तिथे ओढही दाखवणारे कंपाउंड गेज लागते. मात्र वॉरंटीतल्या नव्या गाडीची लाइन कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे, हे आक्षेपकांचे म्हणणे मान्यच करायला हवे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कुठल्या कंपनीचे?’ हा नव्हे. मोजायची जागा कोणती, तिथला नेहमीचा दाब किती आणि तो दाब आहे की ओढ, एवढे ठरले की पल्ला ठरतो. पल्ल्यावरून गेजची जात ठरते. कंपनी आणि किंमत पाहायची ती त्यानंतर.