वत्सगुल्मची राजसभा : दूत, नृत्यगीत व राजकारण

वत्सगुल्म म्हणजे विद्यमान वाशिम. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. इ. स. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा स्थापिली. हरिषेणाच्या काळी, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिचा उत्कर्ष परमावधीस पोहोचला. वाशिम येथे १९३९ मध्ये सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्महूनच दिलेला असून तो संस्कृत-प्राकृत मिश्र भाषेत आहे. शहराजवळील हिस्सेबोराळा येथील देवसेनाच्या काळच्या शिलालेखात शके ३८० (इ. स. ४५८) हे वर्ष नोंदलेले आहे. या राजसभेचे परराज्यांशी संबंध कसे होते आणि त्यांत संगीत व नृत्य यांना कोणते स्थान होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कोरीव लेख या बाबतीत फारच थोडे सांगतात. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कोरविलेल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र या देशांची नावे येतात. ही सर्व राज्ये जिंकली गेली की त्यांपैकी काही केवळ प्रभावाखाली होती, हे सांगणे कठीण असले, तरी एवढ्या दरबारांशी दूतांचे जाणे-येणे असले पाहिजे, हे उघड आहे. हे दूत कसे राहत, काय पाहत व काय ऐकत, यासाठी मात्र वाङ्मयाकडेच वळावे लागते.

कौटिलीय अर्थशास्त्रातील दूताचे जीवन मोठे नीरस आहे. परक्या दरबारी त्याने मिळणाऱ्या सन्मानाने फुगून जाऊ नये, स्त्रिया व मद्य वर्ज्य करावे आणि एकट्यानेच निजावे. कारण झोपेत व नशेत मनुष्याच्या मनातले बाहेर पडते. याच ग्रंथात नट, नर्तक, गायक व वादक यांची गणना अंतःपुरातील हेरांमध्ये केली आहे. परदेशाहून आलेल्या वाद्यवृंदाने प्रत्येक खेळामागे पाच पण कर द्यावा आणि कुशीलवांनी पावसाळ्यात एकाच ठिकाणी मुक्काम करावा, असेही नियम त्यात आहेत. यावरून कलावंतांचे ताफे राज्याराज्यांतून हिंडत असत, शासन त्यांच्याकडून उत्पन्न मिळवी आणि त्यांच्याकडे संशयानेही पाही, असे दिसते. दूताला जे निषिद्ध, तेच गायक-नर्तकांना सहजसाध्य होते.

दक्षिणापथाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. तेथील लोकांना नृत्य, गीत व वाद्य यांची आवड मोठी आणि त्यांची वृत्ती कैशिकी, असे भरताचे नाट्यशास्त्र सांगते. राजशेखराने (दहावे शतक) काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा गांधर्वविवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आणि त्या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हटले. वाकाटकांची सत्ता लयास जाऊन चार शतके लोटल्यावरही वाशिमची ही कीर्ती टिकून होती. खुद्द सर्वसेनाने हरिविजय हे प्राकृत काव्य रचले होते. तेव्हा ती निराधार म्हणता येत नाही.

कवीनेच दूत व्हावे, अशीही एक परंपरा आहे. विक्रमादित्याने कालिदासाला कुंतलेश्वराकडे पाठविले व तेथे योग्य आसन न मिळाल्याने तो भूमीवर बसला, असा प्रसंग क्षेमेंद्राने कुंतलेश्वरदौत्य या आज लुप्त झालेल्या कृतीतून दिला आहे. मात्र हा कुंतलेश्वर म्हणजे वाकाटक राजा की माणदेशचा राष्ट्रकूट, यावर एकमत नाही. वा. वि. मिराशी यांनी दुसरा पक्ष स्वीकारला असून तोच अधिक सयुक्तिक वाटतो, कारण सोळाव्या लेण्यातील लेखात विंध्यशक्ती कुंतलाधिपतीचा विजेता म्हणून येतो.

या विषयावरील सर्वांत बोलका पुरावा दंडीच्या दशकुमारचरितातील विश्रुतचरितात आहे. विदर्भाचा राजा पुण्यवर्मा निवर्तल्यावर त्याचा पुत्र अनंतवर्मा गादीवर आला. तो बुद्धिमान होता, कलांतही निपुण होता. दंडनीतीकडे मात्र त्याचे लक्ष नव्हते. वृद्ध मंत्री वसुरक्षित याचा उपदेश राजाचा मित्र विहारभद्र थट्टेवारी नेई. अश्मक देशाच्या मंत्र्याचा पुत्र चंद्रपालित नेमका याच सुमारास विदर्भात आला. पित्याने घालवून दिल्याची बतावणी त्याने केली होती; बरोबर चारणांचे जथे, कुशल कलावंतिणी आणि वेषांतर केलेले हेर होते. त्याने प्रथम विहारभद्राला व त्याच्याकरवी राजाला वश केले. पुढे अश्मकराजाच्या चिथावणीने वनवासीचा भानुवर्मा चालून आला आणि विदर्भाचे सामंत नर्मदातीरी जमले. तेथे कुंतलपती अवंतिदेवाच्या पदरी असलेली क्ष्मातलोर्वशी ही नर्तकी चंद्रपालितादिकांच्या शिफारशीवरून राजाने नृत्यासाठी बोलाविली आणि तिच्यावर लुब्ध होऊन तिचा उपभोग घेतला. अश्मकराजाने हा अपमान अवंतिदेवाच्या व इतर सामंतांच्या मनावर एकांतात बिंबविला. सामंत फितले, अनंतवर्मा मारला गेला व त्याचे राज्य अश्मकाने गिळंकृत केले.

मिराशी यांच्या मते पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण असून ही कथा वत्सगुल्म शाखेच्या अंताची आठवण जतन करते. हरिषेणानंतरच्या एकाही राजाचा कोरीव लेख उपलब्ध नसणे, हे या मताला पूरक आहे. तरी दंडी सुमारे दोन शतकांनंतरचा, शिवाय कथाकार. त्याची पात्रे इतिहासातील व्यक्ती म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. चंद्रपालिताची रीत मात्र कवीची कल्पना नव्हे. अर्थशास्त्राने ती आधीच नोंदविली होती. नृत्य पाहणे हा राजाचा दोष म्हणून दंडी सांगत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या राज्याची नर्तकी ही त्या राज्याच्या प्रतिष्ठेचा अंश असते, याचा राजाला विसर पडला.

अजिंठ्याची चित्रे याच संदर्भात पाहावी लागतात. पहिल्या लेण्यातील परदेशी वेषाच्या व्यक्तींचे दृश्य म्हणजे इराणच्या दुसऱ्या खुस्रौने दुसऱ्या पुलकेशीकडे पाठविलेली वकिलात, असे फर्ग्युसनने १८७९ मध्ये प्रतिपादिले व ते बराच काळ पाठ्यपुस्तकांतही रूढ होते. आता ते दृश्य जातककथेतील मानले जाते आणि लेण्याचा काळही पुलकेशीच्या पूर्वीचा, बहुधा हरिषेणाचा, ठरतो. वकिलात गेली, पण चित्रातील परदेशी पेहराव राहिला; तो काढणाऱ्या चित्रकारांना असे लोक परिचित होते. याच लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी नाचत असून भोवतालच्या स्त्रिया बासरी, मृदंग व झांजा वाजवीत आहेत. वत्सगुल्मच्या राजसभेतील मैफलीचे वर्णन कोणत्याही लेखात नाही. तिच्या सर्वांत जवळ नेणारे दृश्य हेच आहे.