घरगुती प्रवाळ मत्स्यालयाची गाळण व नळव्यवस्था

घरगुती प्रवाळ मत्स्यालय म्हणजे सागरी मासे, जिवंत प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राणी एकत्र पाळण्यासाठी उभारलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होय. मोठ्या मत्स्यालयात पाणी शुद्ध करणारी उपकरणे मुख्य टाकीत न ठेवता तिच्या खालच्या कपाटातील दुसऱ्या टाकीत ठेवतात. या टाकीला संप असे म्हणतात. मुख्य टाकीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने संपात उतरते व पंपाद्वारे पुन्हा वर चढते. नळांची आखणी टाकी भरण्यापूर्वीच करावी लागते, कारण त्यासाठी काचेला छिद्रे पाडावी लागतात. टफन केलेल्या काचेला तर छिद्र पाडताच येत नाही. यंत्रणा सुरळीत चालू असताना बहुतेक आखण्या चांगल्याच वाटतात. वीज गेल्यावर किंवा नळ तुंबल्यावर पाणी कोठे जाते, यावरून त्यांची खरी पारख होते.

या लेखातील आकडेमोड १८० × ६० × ६० सेंमी मापाच्या, म्हणजे सुमारे ६५० लिटरच्या टाकीसाठी आहे.

पार्श्वभूमी

जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच चालणारी ‘नैसर्गिक पद्धत’ प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमधील हौशी मत्स्यपालकांनी जिवंत खडकाला प्रथिन-विलगकाची (प्रोटीन स्किमर) जोड दिली. ही ‘बर्लिन पद्धत’ होय. १९८० च्या दशकात अमेरिकेत टपक गाळणी लोकप्रिय झाली. ती अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर उत्तम करीत असे, परंतु तेथेच थांबत असे. साठलेले नायट्रेट माशांना बराच काळ सोसते, प्रवाळांना तितके सोसत नाही. त्यामुळे आजच्या बहुतेक मत्स्यालयांचा पाया बर्लिन पद्धतीचाच आहे.

गाळण

गाळणीचे मुख्य काम यंत्रे करीत नाहीत, खडक करतो. सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावरील जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खडकाच्या आतील प्राणवायूविरहित भागातील जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू मोकळा करतात. भारतात खडक निवडताना कायद्याचे भान ठेवावे लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश असल्याने ते भारतीय समुद्रातून, मग तो मालवणचा किनारा असो वा मन्नारचे आखात, काढणे हा गुन्हा आहे. जिवाणूंचे रोपण केलेला कृत्रिम कोरडा खडक हा त्यावरील पर्याय आहे. त्यात जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात.

प्रथिन-विलगक पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतो. सेंद्रिय रेणू बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमा होतात, म्हणजेच ते कुजून अमोनिया होण्यापूर्वीच बाहेर पडतात. संपातील पाण्याची पातळी बदलली की विलगकाचे काम बिघडते; म्हणून त्याचा कप्पा स्थिर उंचीच्या काचेच्या आडपट्टीने वेगळा करतात. पाणी संपात शिरते तेथे कापडी गाळणपिशवी लावतात. ती दर दोन-चार दिवसांनी धुतली नाही, तर अडकलेली घाण तिच्यातच कुजते. अशा वेळी पिशवी नसलेली बरी.

उतरते नळ

टाकीच्या वरच्या कडेला दातेरी पन्हळ असलेला कप्पा करून त्यातून पाणी खाली नेतात. एकाच उभ्या नळाच्या ‘ड्युर्सो’ रचनेत नळातून हवा व पाणी एकत्र उतरते. त्यामुळे तिची वहनक्षमता मर्यादित राहते, आणि तो नळ तुंबल्यास दुसरी वाट नसते. ‘हर्बी’ रचनेत दोन नळ असतात. पहिला पूर्ण भरून वाहतो व व्हॉल्व्हने नियंत्रित केला जातो. त्यात हवा नसल्याने आवाज होत नाही. दुसरा कोरडा राहतो आणि केवळ आणीबाणीत वाहतो. ‘बीनअॅनिमल’ रचनेत या दोहोंच्या मध्ये थोडे पाणी वाहणारा तिसरा नळ असतो, जो पातळीतील लहान चढउतार सामावून घेतो. मोठ्या टाकीसाठी एकाच नळावर विसंबणे अयोग्य होय. शंखातील एक गोगलगाय तो बंद करू शकते.

वीज खंडित झाल्यास

पंप थांबताच वर चढणाऱ्या नळातून पाणी उलट्या दिशेने सायफन होऊन संपात येते आणि नळाचे तोंड उघडे पडेपर्यंत येतच राहते. हे तोंड चालू पातळीच्या ३ सेंमी खाली असेल, तर १८० × ६० × ३ म्हणजे सुमारे ३२ लिटर पाणी उतरते. त्यात पन्हळीचा कप्पा व नळांतील पाणी मिळवावे लागते. म्हणून अशा टाकीच्या संपात नेहमीच्या पातळीवर ५० ते ६० लिटर जागा रिकामी ठेवणे इष्ट आहे. तोंडाजवळ पाडलेले हवेचे छिद्र शेवाळाने बुजते, तर एकदिशा व्हॉल्व्ह चुनखडीच्या थराने अडकतो. हे दोन्ही उपाय पूरक मानावेत. रिकाम्या जागेला पर्याय नाही.

उलट प्रकारचा पूर उतरता नळ तुंबल्यास येतो. तेव्हा पंप आपल्या कप्प्यातील सर्व पाणी वर फेकतो. कप्प्यात २० लिटर पाणी असल्यास मुख्य टाकीची पातळी जेमतेम २ सेंमी वाढते. कप्पा ६० लिटरचा असल्यास ५.५ सेंमी, म्हणजे बहुधा काठाबाहेर.

ज्या भागांत भारनियमन होते तेथे प्राणवायूचाही विचार करावा लागतो. प्रवाह थांबला तरी मासे व खडकावरील जिवाणू प्राणवायू वापरीत राहतात. त्यामुळे इन्व्हर्टरवर किमान एक प्रवाहपंप किंवा बॅटरीवरील हवापंप ठेवतात.

पंप व साहित्य

संपातून तासाला टाकीच्या आकारमानाच्या ३ ते ५ पट पाणी फिरवणे पुरेसे ठरते. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतील स्वतंत्र पंप पुरवतात. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीसाठी असतो. दीड मीटर चढण व एल्बोंमधील घर्षण धरून निर्मात्याच्या आलेखावरून निवड करावी लागते.

नळ व जोड पीव्हीसीचे असावेत. घरगुती नळकामातील पितळी गेट व्हॉल्व्ह येथे चालत नाही, कारण तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. काचेतून नळ काढण्यासाठी प्लॅस्टिकचे टँक निपल वापरतात. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन दिल्यास नळ न कापता पंप सोडवता येतो.

बाष्पीभवनात मीठ मागे राहते, म्हणून भर घालताना आरओ-डीआय यंत्रातून शुद्ध केलेले गोडे पाणीच घालतात. स्वयंचलित भरणीची टाकी मुद्दाम लहान ठेवतात. फ्लोट अडकून तिचे सर्व २० लिटर पाणी संपात गेले, तरी ७५० लिटरच्या व्यवस्थेची क्षारता दर हजारी ३५ वरून सुमारे ३४ पर्यंतच घसरते.

भार व चाचणी

पाणी, काच, खडक, कपाट व संप मिळून भार सुमारे एक टन होतो आणि तो जेमतेम १ चौरस मीटरवर येतो. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार निवासी खोल्यांच्या जमिनीचा संकल्पित चल भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो असतो. त्यामुळे वरच्या मजल्यांवर जागा ठरवताना संरचना अभियंत्याचा सल्ला घेतात. तुळईलगतची किंवा भारवाही भिंतीलगतची जागा सहसा श्रेयस्कर ठरते.

जोडणी पूर्ण झाल्यावर मीठ न घालता साध्या पाण्यावर यंत्रणा किमान एक दिवस चालवतात. या काळात पंप मुद्दाम बंद करून संपाची पातळी कोठे थांबते ते पाहतात व तेथे खूण करतात. नंतर मुख्य उतरता नळ हाताने बंद करून आणीबाणीचा नळ सर्व प्रवाह पेलतो की नाही याची खात्री करतात. यांपैकी एकाही वेळी जमिनीवर पाणी आले, तर नळ पुन्हा कापून जोडले जातात. मीठ व खडक त्यानंतरच टाकीत येतात.