कोस, मैल आणि मिनिटें

दोन गांवांमधील अंतर विचारलें असतां आपले पूर्वज कोस सांगत. ठाण्या-कल्याणचा आजचा नागरिक मिनिटें सांगतो. मोजण्याची ही रीत कशी पालटली, याचा इतिहास आपल्याच परिसरांत घडलेला आहे.

आगगाडीपूर्वीं ठाण्याहून मुंबईस जाण्याचे मार्ग दोन. खाडीनें जावें, तर वारा आणि भरती-ओहोटी यांची मर्जी सांभाळावी लागे. खुष्कीनें जावें, तर साष्टी व मुंबई हीं निरनिराळीं बेटें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शीवचा बांध झाला, तेव्हां कोठें तीं जोडलीं गेलीं. बैलगाडी ताशीं दोन-अडीच मैल चाले. हिशेब सोपा आहे : २१ मैलांस आठ ते दहा तास, विसावा निराळा.

१८४५ पासून नाना शंकरशेट प्रभृतींनीं लोहमार्गाचा पाठपुरावा चालविला होता. १६ एप्रिल १८५३ रोजीं, दुपारीं साडेतीनच्या सुमारास, १४ डब्यांची गाडी सुमारें ४०० निमंत्रितांसह बोरीबंदराहून सुटली आणि तासा-सव्वा तासांत ठाण्यास पोंचली. दिवसाचा प्रवास एका प्रहराच्याही आंत आला! १ मे १८५४ रोजीं मार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. १९१६ सालीं पारसिकचा डोंगर पोखरून बोगदा झाला आणि मुंब्र्याकडील वळसाही टळला.

परंतु मिनिटांनीं अंतर मोजावयाचें, तर घड्याळ सर्वांचें एक हवें. मुंबईची स्थानिक वेळ मद्रासहून सुमारें ३० मिनिटें मागें. आणि आगगाड्या पुढें मद्रासच्या वेळेनें चालूं लागल्या. ज्यास गाडी गांठावयाची, त्यास दोन वेळा ध्यानांत ठेवणें प्राप्त झालें. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ सुरू झाली. तरीही तिच्या ३९ मिनिटें मागें असलेली ‘मुंबई वेळ’ शहराच्या कांहीं व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून होती.

वेगानें वांचलेल्या वेळाचें आपण काय केलें? तो साठवून ठेवला नाहीं. दूर बिऱ्हाड करण्यांत वेंचला. कल्याण मुंबईपासून ५४ किलोमीटर. जलद गाडीस सुमारें तास लागतो. म्हणूनच डोंबिवली-कल्याणास राहून मुंबईंत चाकरी करणें लक्षावधि लोकांस शक्य झालें. पण वेळापत्रकांतील तास म्हणजे सगळें अंतर नव्हे. ९ जून २०२५ रोजीं सकाळच्या गर्दींत मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांतून प्रवासी खालीं पडले व त्यांतील कित्येक प्राणांस मुकले. ते सारे मिनिटांच्या हिशेबानेंच घराबाहेर पडले होते.

कोस मोजणारा वाटसरू उशिरां पोंचे, हें खरें. पण मुक्कामीं किती वेळांत पोंचतों याबरोबर कसे पोंचतों, हेंही त्याच्या हिशेबांत असे. वेळापत्रक आंखणाऱ्यांनीं आणि आपण प्रवाशांनींही तो दुसरा रकाना पुन्हां मांडावा, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.