व्रणाची साक्ष : ‘ब्लॅक ब्यूटी’ आणि एकोणिसाव्या शतकातील अश्वव्यवहार

‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) या कादंबरीच्या शीर्षकपृष्ठावर अ‍ॅना स्यूएल यांनी स्वतःचा निर्देश ‘मूळ अश्वभाषेतून अनुवाद करणारी’ असा केला आहे. ही केवळ गंमत मानून चालणार नाही. निवेदक घोडा असल्यामुळे त्याला न उमगलेला एक बाजारी व्यवहार कादंबरीत जसाच्या तसा नोंदला गेला आहे.

मद्यधुंद रूबेन स्मिथ रात्री भरधाव दौडवतो, सैल झालेला नाल निखळतो, घोडा दगडांवर कोसळतो. स्वार मरतो, घोड्याचे गुडघे फुटतात. चौकशीत घोडा निर्दोष ठरतो. उपचार सुरू होतात. जखमेत वाढलेले फाजील मांस दाहक औषधाने जाळले जाते आणि व्रण भरल्यावर फोड आणणारे द्रव्य लावून गुडघ्यांवरचे केस घालवले जातात. यामागे त्यांचे काही कारण असावे, एवढेच घोडा म्हणतो.

ते कारण तत्कालीन अश्ववैद्यकात सापडते. कातडीवर फोड आणल्यास उघड्या जागी नवे केस धरतात, अशी समजूत होती. त्यासाठी कँथॅरिडीज या भुंग्यांची पूड सर्रास वापरली जाई. वस्तुतः केसांची मुळेच नष्ट झाली असतील तर तेथे केस उगवत नाहीत. रंगपेशी तेवढ्या मेल्या असतील तर ते पांढरे उगवतात आणि काळ्या घोड्यावर अधिकच उठून दिसतात. तरी हा खटाटोप होई, कारण गुडघ्यावरचा व्रण म्हणजे ठेचकाळणारा घोडा, असे ग्राहक वाचत असे. इंग्रजी कायदा बाह्य व्रण आणि कामास बाधक दोष यांत भेद करी. किंमत करीत नसे. चौकशीत सुटलेला घोडा बाजारात दोषीच राहिला. (अकबराच्या लष्करात घोडे बदलण्याची लबाडी रोखण्यासाठी ‘दाग’ मुद्दाम दिला जाई, तेथे व्रण हा मालकाविरुद्धचा पुरावा होता. येथे मालकाच्या नोकराचा अपराध घोड्याच्या अंगावर चढला.)

अखेरच्या प्रकरणात मोतद्दार जो ग्रीनही प्रथम गुडघेच पाहतो आणि असा डागी घोडा आपल्या मालकिणींसाठी सुचवल्याबद्दल नाराजी दाखवतो. पुढे खरारा करताना त्याचा हात मानेवरच्या एका गाठीशी थबकतो. पूर्वी आजारपणात रक्त काढले होते, ती ही जागा. ऑडिसियसचे पाय धुताना युरिक्लेईयाच्या हाताला लागलेला व्रण येथे आठवल्यावाचून राहत नाही. तीही सेविकाच होती, आणि ओळख तिलाही स्पर्शानेच पटली. ती गाठ मात्र कोणी झाकली नव्हती. मानेकडे पाहून घोड्याची किंमत ठरत नसे.