लक्रॉस : जागतिक अजिंक्यपद स्पर्धा

लक्रॉस या मैदानी सांघिक खेळातील सर्वोच्च आंतरराष्ट्रीय स्पर्धा. टोकाशी जाळी बांधलेल्या काठीने घट्ट रबरी चेंडू झेलावयाचा, तो जाळीत सांभाळीत धावावयाचे आणि सहकाऱ्यांकडे फेकत नेऊन प्रतिपक्षाच्या गोलात मारावयाचा, असे या खेळाचे स्वरूप आहे. पुरुषांच्या मैदानी प्रकारात प्रत्येक संघात गोलरक्षकासह दहा खेळाडू असतात. मैदान सुमारे १०० मी. लांब व ५५ मी. रुंद असून गोलाची उंची व रुंदी प्रत्येकी १·८३ मी. असते. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९६७ मध्ये टोराँटो (कॅनडा) येथे, तर महिलांची पहिली विश्वकरंडक स्पर्धा १९८२ मध्ये नॉटिंगहॅम (इंग्लंड) येथे भरली. राष्ट्राराष्ट्रांमधील स्पर्धा अशी तिची ओळख असली, तरी ज्या लोकांनी हा खेळ जगाला दिला, त्यांना स्वतंत्र राष्ट्र म्हणून तिच्यात उतरता यावे काय, हा प्रश्न तिच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी राहिला आहे.

मूळ खेळ व त्याचे प्रेक्षक : लक्रॉसचा उगम उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील आदिवासी जमातींमध्ये झाला. त्यांपैकी मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायूगा, सेनेका व टस्करोरा या सहा जमातींचा संघ यूरोपीयांनी ‘इरोक्वॉय’ या नावाने ओळखला. हे लोक स्वतःला ‘हॉडेनोशोनी’ म्हणजे लांब घर उभारणारे लोक म्हणवितात. त्यांच्या श्रद्धेनुसार हा खेळ निर्मात्याने मनुष्याला दिलेली देणगी असून तो निर्मात्याच्या संतोषासाठी व आजाऱ्यास आराम पडावा म्हणून खेळावयाचा असतो. झां द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने १६३६ च्या आपल्या वृत्तांतात ह्युरॉन जमातीचा वैद्य आजारी व्यक्तीसाठी असा सामना खेळविण्यास सांगतो, असे नमूद केले आहे. वाकड्या काठीला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्यावरून खेळाला ‘लक्रॉस’ हे नाव पडले.

या सामन्यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभे. जॉर्ज कॅटलिन या अमेरिकन चित्रकाराने १८३४ मध्ये चॉक्टॉ जमातीचे सामने पाहून त्यांची चित्रे काढली. शेकडो खेळाडू, आदल्या रात्रीची नृत्ये, दोन्ही पक्षांनी पणाला लावलेल्या वस्तू आणि सभोवार जमलेला समुदाय यांचे वर्णनही त्याने केले. प्रेक्षकांच्या बेसावधपणामुळे लक्रॉसला इतिहासात एकदा युद्धनीतीचेही स्थान मिळाले. २ जून १७६३ रोजी ओजिब्वे व सॉक जमातींनी मिशिलिमॅकिनॅक या ब्रिटिश किल्ल्याबाहेर सामना मांडला. शिबंदीचे सैनिक तो पाहण्यात गुंग असताना चेंडू किल्ल्याच्या दिशेने फेकण्यात आला. त्याच्यामागे धावणारे खेळाडू उघड्या दरवाज्यातून आत शिरले आणि त्यांनी किल्ला ताब्यात घेतला.

हौशीपणाची अट : माँट्रिऑल येथे १८५६ मध्ये गोऱ्या वसाहतकऱ्यांचा पहिला लक्रॉस क्लब स्थापन झाला. तेथीलच विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने खेळाडूंची संख्या, चेंडू व गोल यांविषयीचे नियम १८६७ मध्ये निश्चित केले आणि लक्रॉस हा कॅनडाचा राष्ट्रीय खेळ व्हावा म्हणून हिरिरीने प्रचार केला. १८७६ च्या ब्रिटन-दौऱ्यात माँट्रिऑलच्या गोऱ्या खेळाडूंचा आणि कॉनवागा येथील मोहॉक खेळाडूंचा सामना व्हिक्टोरिया राणीने विंझर येथे पाहिला. आदिवासी खेळाडू हे अशा दौऱ्यांचे मोठे आकर्षण असे.

मात्र दूरच्या सामन्यांसाठी प्रवासखर्च भागविण्यास आदिवासी संघ पैसे घेत, हेच कारण त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. कॅनडाच्या राष्ट्रीय लक्रॉस संघटनेने १८८० मध्ये आपल्या नावात ‘हौशी’ हा शब्द घातला व व्यावसायिक ठरवून आदिवासींना अजिंक्यपदाच्या सामन्यांतून वगळले. खेळाची मालकी अशा रीतीने हातोहात बदलली.

सेंट लूइस येथील १९०४ च्या ऑलिंपिक सामन्यांत लक्रॉसचे तीन संघ उतरले. विनिपेगच्या शॅमरॉक संघाने सुवर्णपदक, यजमान सेंट लूइसच्या संघाने रौप्यपदक व मोहॉक संघाने कांस्यपदक मिळविले. परंतु ऑलिंपिकच्या नोंदींत हे कांस्यपदक कॅनडाच्या खाती जमा आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाने ग्रेट ब्रिटनचा १४–१० असा पराभव केला. त्यानंतर १९२८, १९३२ व १९४८ मध्ये हा खेळ केवळ प्रात्यक्षिकापुरता ऑलिंपिकमध्ये दिसला.

जागतिक स्पर्धेची जडणघडण : कॅनडाच्या राज्यसंघाच्या शताब्दी-वर्षी, १९६७ मध्ये, टोराँटो येथे कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड हे चार संघ एकत्र आले व संयुक्त संस्थानांनी विजेतेपद मिळविले. दुसरी स्पर्धा १९७४ मध्ये मेलबर्न येथे झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लक्रॉस महासंघ स्थापन झाला. १९७८ मध्ये स्टॉकपोर्ट (इंग्लंड) येथील अंतिम सामन्यात कॅनडाने जादा वेळेत १७–१६ अशी बाजी मारली. १९८२ ते २००२ या काळातील सहाही स्पर्धा संयुक्त संस्थानांनी जिंकल्या. त्यांपैकी १९९८ चा बॉल्टिमोर येथील अंतिम सामना दुसऱ्या जादा डावापर्यंत लांबून १५–१४ असा सुटला. २००६ व २०१४ मध्ये कॅनडा, तर २०१०, २०१८ व २०२३ मध्ये संयुक्त संस्थाने विजयी झाली. १९६७ ते २०२३ या काळात झालेल्या चौदा स्पर्धांपैकी अकरा संयुक्त संस्थानांनी व तीन कॅनडाने जिंकल्या. २०१८ मध्ये नेतान्या (इझ्राएल) येथे सहभागी संघांची संख्या ४६ वर गेली. २०२३ मध्ये सॅन डिएगो येथे निवडक ३० संघांना प्रवेश देण्यात आला. पुरुष व महिला यांच्या जागतिक संघटना २००८ मध्ये एक झाल्या.

इरोक्वॉय संघाचा प्रवेश : पहिल्या पाच स्पर्धांत इरोक्वॉयांचा संघ नव्हता. ऑनंडागा जमातीचे धर्मरक्षक व सिरॅक्यूस विद्यापीठाचे एकेकाळचे नामवंत गोलरक्षक ऑरेन लायन्स यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ‘इरोक्वॉय नॅशनल्स’ हा संघ उभारला. १९८५ मध्ये या संघाने स्वतःच्या राष्ट्रसंघाच्या पारपत्रांवर इंग्लंडचा दौरा केला. पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यास सदस्यत्व दिले आणि १९९० च्या पर्थ (ऑस्ट्रेलिया) येथील स्पर्धेत तो स्वतःच्या ध्वजासह उतरला. पाच संघांच्या त्या स्पर्धेत तो एकही सामना जिंकू शकला नाही. तथापि एक शतकाहून अधिक काळ बंद असलेले दार त्यामुळे उघडले. बंदिस्त मैदानावरील जागतिक स्पर्धेत २००३ पासून २०१९ पर्यंत पाचही वेळा त्याने उपविजेतेपद, तर मैदानी स्पर्धेत २०१४, २०१८ व २०२३ मध्ये कांस्यपदक मिळविले. २०२२ मध्ये संघाने ‘हॉडेनोशोनी’ हे स्वतःचे मूळ नाव धारण केले.

मैदानावरील या प्रगतीबरोबर पारपत्राचा वादही चालू राहिला. २०१० च्या मँचेस्टर येथील स्पर्धेसाठी निघालेला संघ न्यूयॉर्कमध्ये अडकून पडला. अंशतः हस्तलिखित असलेली त्याची पारपत्रे सुरक्षेच्या नव्या निकषांत बसत नव्हती. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी परतीच्या प्रवासासाठी एकवार सवलत दिली, तरीही ब्रिटिश शासनाने व्हिसा नाकारला. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या पारपत्रावर प्रवास करणे खेळाडूंना शक्य होते. तसे केल्यास आपण वेगळे राष्ट्र नाही, ही कबुली दिल्यासारखे होईल म्हणून त्यांनी स्पर्धेवर पाणी सोडले. पाच वर्षांनी चित्र उलटे झाले. २०१५ ची बंदिस्त मैदानावरील जागतिक स्पर्धा ऑनंडागांच्या भूमीवर व नजीकच्या सिरॅक्यूस येथे भरली आणि पाहुण्या संघांच्या पारपत्रांवर यजमान राष्ट्रसंघाचे शिक्के उमटले.

प्रेक्षकाच्या दृष्टीने स्पर्धा : सुमारे दहा दिवस चालणाऱ्या या स्पर्धेत एकाच परिसरातील अनेक मैदानांवर दिवसभर सामने होतात. त्यामुळे प्रेक्षकाला बलाढ्य संघांबरोबरच नवोदित देशांचा खेळही जवळून पाहता येतो. चेंडूचा वेग ताशी १५० किमी.च्या पुढे जाऊ शकतो व खेळाडू जाळीत चेंडू असल्याचा आभास सहज निर्माण करतात. म्हणून नवखा प्रेक्षक चेंडू शोधीत राहतो, तर जाणकार खेळाडूंच्या हालचालींवरून चेंडूचा माग काढतो. बलाढ्य संघ साखळीत समोरासमोर येऊन अंतिम सामन्यात पुन्हा भेटतात, हेही या स्पर्धेचे वैशिष्ट्य. गोल नोंदवून खेळ पुन्हा सुरू करताना मध्यरेषेवर होणारी चेंडूसाठीची झुंज अनेकदा सामन्याचे पारडे फिरविते, कारण ती सतत जिंकणारा संघ प्रतिपक्षाला चेंडू मिळू देत नाही. आयोजकांनी प्रेक्षकांचाही विचार केलेला दिसतो : उन्हाळ्यात रिकामी पडणारी बर्फावरील हॉकीची प्रेक्षागृहे भरावीत, या हेतूने १९३१ च्या सुमारास कॅनडात बंदिस्त लक्रॉस सुरू झाले, तर अलीकडचा सहा खेळाडूंचा प्रकार लहान मैदान व आठ मिनिटांचे चार डाव यांमुळे अधिक गतिमान ठरला आहे.

ऑलिंपिकमधील पुनरागमन : आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबई येथील आपल्या १४१ व्या अधिवेशनात लॉस अँजेल्सच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट, स्क्वॉश इत्यादींबरोबर सहा खेळाडूंच्या लक्रॉसचा समावेश मंजूर केला. भारतात या निर्णयाकडे मुख्यतः क्रिकेटच्या अंगाने पाहिले गेले. लक्रॉसच्या चाहत्यांच्या दृष्टीने मात्र पदकासाठीचे ऑलिंपिक सामने १२० वर्षांनी परत येणार होते. हॉडेनोशोनींपुढे त्यामुळे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. ऑलिंपिकमध्ये मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समितीचाच संघ उतरू शकतो व अशी समिती त्यांना नाही. याच अडचणीमुळे २०२२ च्या बर्मिंगहॅम (अलाबॅमा) येथील जागतिक क्रीडामहोत्सवातून ते प्रथम वगळले गेले होते. तेव्हा आयर्लंडने २०२० मध्ये आपली जागा स्वेच्छेने सोडल्यामुळे त्यांचा सहभाग शक्य झाला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी त्यांच्या स्वतंत्र ऑलिंपिक सहभागाला जाहीर पाठिंबा दिला. ऑलिंपिक समितीने मात्र त्यांच्या खेळाडूंना अमेरिकेच्या अथवा कॅनडाच्या संघातून खेळता येईल, असे सुचविले. १९०४ मध्ये मोहॉकांनी जिंकलेले पदक दुसऱ्याच्या खाती नोंदले जाण्यामागील दृष्टिकोन या सूचनेतही दिसून येतो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेने तो १९९० मध्येच बाजूस सारला, हे तिचे क्रीडेतिहासातील खरे महत्त्व होय.