निस्तार : एका शब्दाचा आणि एका हक्काचा इतिहास

वनांवरील ग्रामसमूहांच्या हक्कांचा इतिहास सामान्यतः अधिनियमांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. १८६५, १८७८, १९२७ आणि २००६ या चार वर्षांच्या कायद्यांभोवती त्याची मांडणी होते. ही मांडणी सोयीची असली तरी तिच्यात एक गोष्ट दृष्टीआड होते. गावकऱ्यांची रानातील वहिवाट फारशी बदलली नसतानाही तिला दिले जाणारे नाव बदलत गेले, आणि नावाबरोबर तिचा दर्जाही बदलला. मध्य प्रांतातील ‘निस्तार’ या संज्ञेचा मागोवा घेतल्यास ही प्रक्रिया विशेष स्पष्टपणे दिसून येते.

‘निस्तार’ हा शब्द संस्कृत ‘निस् + तृ’ या धातूपासून आलेला आहे. ‘पार पडणे, तरून जाणे’ हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीतील ‘निस्तरणे’ या क्रियापदात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. मध्य प्रांताच्या महसुली व्यवहारात मात्र त्याला एक विशिष्ट अर्थ प्राप्त झाला. घरबांधणीचे लाकूड, सरपण, औतांसाठी लागणारी लाकडे, कुंपणाचे काटे, बांबू, गवत आणि गुरांची चराई अशा नित्याच्या गरजा गावालगतच्या रानातून भागविणे म्हणजे निस्तार. वर्ष पार पडण्यासाठी जे अपरिहार्य ते निस्तार, असे म्हणावयास हरकत नाही. या शब्दात मालकीचा दावा नाही, तशीच याचनाही नाही.

ब्रिटिश वननीतीस नेमका हाच मधला अर्थ अडचणीचा ठरला. १८६४ मध्ये वनखात्याचे पहिले महानिरीक्षक म्हणून नेमले गेलेले डीट्रिख ब्रँडिस यांचा गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने राखावीत असा आग्रह होता. बेडन-पॉवेल यांचे मत याच्या उलट होते. पडीक भूमीवर राज्यकर्त्याची सत्ता पूर्वापार असून गावकऱ्यांचा वापर केवळ तिच्या उदारतेने चालत आला आहे, सबब तो हक्क नसून सवलत होय, असे ते प्रतिपादन करीत. हे मत सर्वमान्य होते असे नाही. मद्रास इलाख्याच्या महसूल मंडळाने १८७१ मध्ये आपल्या इलाख्यातील जवळजवळ प्रत्येक रान कोणत्या ना कोणत्या गावाच्या हद्दीत मोडते, असे स्पष्ट कळविले होते. तथापि १८७८ च्या अधिनियमात बेडन-पॉवेल यांचीच विचारसरणी प्रभावी ठरली. वनांचे राखीव, संरक्षित व ग्रामवने असे तीन वर्ग करण्यात आले. त्यांपैकी ग्रामवनांची तरतूद कागदावर राहिली आणि अपवादानेच वापरली गेली.

या अधिनियमाची कार्यपद्धती विचारात घेण्याजोगी आहे. एखादे वन राखीव करावयाचे झाल्यास जाहीरनामा निघे. ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी ठरावीक मुदतीत वन जमाबंदी अधिकाऱ्यास तो लेखी कळवावा किंवा समक्ष हजर राहून सांगावा, असा नियम होता. १९२७ च्या अधिनियमात ही मुदत तीन महिन्यांहून कमी नसावी असे म्हटले आहे. मुदतीत दावा आला नाही आणि अधिकाऱ्याच्या चौकशीतही तो आढळला नाही, तर हक्क नष्ट झाला असे सामान्यतः मानले जाई. ज्या समाजात वहिवाट बोलून दाखवावी लागत नव्हती, त्या समाजाच्या मौनाचा कायद्याने ‘हक्क नाही’ असा अर्थ लावला. कोकणात राबाच्या प्रश्नावर असाच वाद माजला. रोपे तयार करण्याच्या जमिनीवर पालापाचोळा व फांद्या जाळण्याची ही रीत भातशेतीचा पाया होती. या व अशा तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला.

मध्य प्रांताची स्थिती किंचित वेगळी होती. तेथे १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी देण्यात आली आणि गावांच्या गरजेहून अधिक ठरविलेले पडीक रान सरकारने आपल्याकडे घेतले. उरलेल्या रानातील रयतेच्या वहिवाटी ‘वाजिब-उल्-अर्ज’ या दप्तरात नोंदविल्या जात. या अरबी-फारसी संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘निवेदन करण्यास योग्य ते’ असा होतो. नोंद ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ते केवळ प्रशासकीय टिपण होते. परंतु त्यायोगे अलिखित वहिवाटीस एक लेखी अस्तित्व मिळाले, हे विसरून चालणार नाही.

१९५० च्या अधिनियमाने मध्य प्रदेशातील मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये त्यांची राने शासनाकडे आली. रयतेच्या दृष्टीने हा बदल दुहेरी होता. मालगुजार गेला, परंतु ज्याच्याशी निस्ताराचा व्यवहार चाले तो परिचित पक्षही गेला. त्याच्या जागी वनखाते आले. निस्तार पत्रक व वाजिब-उल्-अर्ज या तरतुदी १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेत होत्या. विदर्भ महाराष्ट्रात आल्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र संहितेतही त्यांना स्थान मिळाले. शब्द टिकला, मात्र व्यवहारात तो सवलतीच्याच पायरीवर राहिला.

बांबूचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत होय. १९२७ च्या अधिनियमाने ‘वृक्ष’ या संज्ञेत त्याचा समावेश केला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने त्याला गौण वनोपज म्हटले. त्यामुळे अनेक वर्षे एकच वनस्पती एका कायद्यात वृक्ष आणि दुसऱ्यात गौण उपज होती. वनाबाहेर बांबू लावणाऱ्यांच्या सोयीसाठी २०१७ मध्ये १९२७ च्या व्याख्येतून हा शब्द वगळण्यात आला. व्याख्येतील एका शब्दावर गावाच्या उत्पन्नाचा प्रश्न कसा अवलंबून असतो, हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या अनुभवावरून कळते. सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत या ग्रामसभेने दीर्घकाळ जोपासली होती. २००९ मध्ये तिला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असे असूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा, हा वाद उरलाच. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा तो मिटला. हक्काची सनद आणि हक्काचा उपभोग यांत दीड-दोन वर्षांचे अंतर पडले, ते प्रामुख्याने एका व्याख्येमुळे.

२००६ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात ‘निस्तार किंवा अन्य कोणत्याही नावाने ओळखले जाणारे’ सामूहिक हक्क मान्य केलेले आहेत. संस्थाने व जमीनदाऱ्या यांतील वहिवाटींचाही तेथे उल्लेख आहे. ही शब्दयोजना महत्त्वाची आहे. नाव कोणतेही असो, वहिवाट हीच हक्काचा आधार, हे तत्त्व तीत गृहीत आहे. या अधिनियमाखालील नियमांनी पुराव्यांत जुन्या निस्ताराच्या नोंदींबरोबर दावेदारांव्यतिरिक्त अन्य वृद्धांच्या लेखी नोंदविलेल्या कथनालाही स्थान दिले. १८७८ मध्ये ज्या मौनाने हक्क बुडाला, त्या मौनाच्या जागी वृद्धांची वाणी पुरावा म्हणून उभी राहिली. आणि जे दप्तर रयतेच्या वापराची केवळ टिपणे म्हणून लिहिले गेले होते, तेच तिच्या हक्काचे साधन बनले.

तथापि पुराव्याचा भार सर्वत्र सारखा नाही. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. शिवाय जेथे मध्य प्रांतासारखी निस्ताराची दप्तरे झाली नाहीत, तेथील गावांना वृद्धांच्या स्मरणावरच अधिक विसंबावे लागते, आणि ते स्मरण पिढीगणिक क्षीण होते. म्हणून गावोगावच्या स्थानिक संज्ञा, राबाच्या रीती, शिवेच्या खुणांची व झऱ्यांची नावे यांचे संकलन हे केवळ भाषाभ्यासकाचे काम मानता येणार नाही. अशा प्रत्येक नावामागे एखादी वहिवाट उभी आहे, आणि नाव विस्मृतीत गेल्यास ती सिद्ध करण्याचा मार्गही बंद होतो.