संगणक सुरू होताना बीप का वाजतो?

संगणक सुरू करताच बायोस आधी रॅम, ग्राफिक्स कार्ड वगैरे भाग तपासते. या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात. स्क्रीन सुरू होण्याआधीच बिघाड सापडला, तर तो बीप वाजवून कळवला जातो.

बऱ्याच संगणकांत एक छोटा बीप म्हणजे सर्व ठीक. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष. लांब बीप थांबून थांबून वाजतच राहिले, तर रॅमचा. संकेत कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी संगणक दुकानात नेता येत नाही. पण रॅमचा दोष अनेकदा घरीच दूर होतो. दमट हवा आणि धुळीमुळे तिच्या पट्ट्यांवर थर बसतो.

१. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा.
२. कॅबिनेटच्या धातूला हात लावून रॅम काढा.
३. पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसा, कण झटका.
४. 'टक' आवाज येईपर्यंत रॅम बसवा.

पॉवर सप्लाय मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.